लॉराच्या पुस्तकांत न आलेली माणसं

अमेरिकी लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरची मुलांसाठीची 'लिटल हाउस' मालिका क्रमानं वाचली की इंगल्स कुटुंबाचा प्रवास सरळ रेषेत डोळ्यांसमोर येतो. आधी विस्कॉन्सिनचं घनदाट जंगल, तिथून कॅन्ससचा गवताळ माळ, मग मिनेसोटातला ओढा आणि शेवटी डकोटा. पांढऱ्या कापडाचं छत घातलेली घोडागाडी कायम मावळतीकडे तोंड करून निघालेली. पुढे पा आणि मा, म्हणजे लॉराचे वडील आणि आई, मागे अंथरुणांच्या वळकट्यांवर मुली, आणि गाडीखालून धावणारा जॅक कुत्रा. माझ्या मुलीला मी ही पुस्तकं रात्री वाचून दाखवत होते, तेव्हा आम्ही दोघींनी ॲटलासमध्ये पेन्सिलीनं ही रेघ मारली होती. पुढे मी लॉराचं खरं चरित्र वाचलं आणि त्याच पानावर दुसरी रेघ मारायला बसले. ती भलतीच नागमोडी निघाली. विस्कॉन्सिनहून खाली मिसूरी, तिथून कॅन्सस, मग उलट फिरून पुन्हा विस्कॉन्सिन, तिथून मिनेसोटा, मग परत मागे पूर्वेला आयोवा, आयोवाहून पुन्हा मिनेसोटा आणि त्यानंतर कुठे डकोटा.

या दोन रेघा जुळत नाहीत. का जुळत नाहीत, तेच इथे सांगायचं आहे.

लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७चा, विस्कॉन्सिनमधल्या पेपिन गावाजवळचा. वडील चार्ल्स इंगल्स, आई कॅरोलाइन. थोरली बहीण मेरी, लॉराच्या पाठची कॅरी, सगळ्यांत धाकटी ग्रेस. लॉराचं पहिलं पुस्तक निघालं १९३२मध्ये, तेव्हा तिनं पासष्टी गाठली होती. १९४३पर्यंत आठ पुस्तकं झाली. ही सगळी पुस्तकं कादंबऱ्या आहेत, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं. त्यांत 'मी' नाही, 'लॉरा' आहे. पात्रांची नावं खरी, बरेचसे प्रसंग खरे, पण त्यांची मांडणी कादंबरीची.

सुदैवानं हेच आयुष्य लॉरानं आणखी एकदा, वेगळ्या तऱ्हेनं लिहून ठेवलं होतं. १९३०मध्ये तिनं पेन्सिलीनं, साध्या रेघांच्या वह्यांत, आपल्या लहानपणापासून लग्नापर्यंतची हकिकत 'मी' वापरून लिहिली. नाव दिलं 'पायोनियर गर्ल'. ती मोठ्यांसाठी होती. तेव्हा ती कोणीच छापली नाही. छापून आली ती २०१४ साली, लॉरा गेल्यावर सत्तावन्न वर्षांनी, साउथ डकोटाच्या इतिहास संस्थेकडून, पानोपानी टिपा जोडून. एकाच बाईनं एकच आयुष्य दोनदा सांगितलेलं असलं की दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतं: इथे काय आहे आणि तिथे काय नाही. जोडीला जनगणनेची पानं, जमिनीच्या कचेरीतल्या नोंदी, गावोगावची जुनी वर्तमानपत्रं. अभ्यासकांनी या तिन्हींची सांगड घातली, म्हणून आज आपल्याला खरी गोष्ट बऱ्यापैकी कळते.

कॅन्ससपासून सुरुवात करते, कारण सगळ्यांत प्रसिद्ध पुस्तक तिथलं आहे. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'मधली लॉरा पाच-सहा वर्षांची वाटते. तिला घोड्यांचे आवाज आठवतात, रात्रीचे ढोल आठवतात. प्रत्यक्षात कुटुंब तिथे पोचलं १८६९मध्ये, तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि ते तिथून निघाले तेव्हा जेमतेम चार वर्षांची. म्हणजे ते पुस्तक मुख्यतः पा आणि मा यांनी सांगितलेल्या आठवणींवर उभं आहे. क्रमही उलटा आहे. लॉरानं आधी विस्कॉन्सिनचं पुस्तक लिहिलं आणि त्यात कॅरीला तान्ही दाखवलं, म्हणून पुढच्या पुस्तकात कॅरी गाडीत बसून कॅन्ससला जाते. खरी कॅरी कॅन्ससच्या त्या घरातच जन्मली, ऑगस्ट १८७०मध्ये.

पुस्तकातलं ते घर इंडिपेन्डन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे. खरं घर जेमतेम तेरा मैलांवर होतं. अंतराची चूक किरकोळ वाटेल, पण ते घर कोणाच्या जमिनीवर होतं हा प्रश्न किरकोळ नाही. ती जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची राखीव जमीन होती. अमेरिकेच्या सरकारनं करार करून त्यांच्याकडे जे काही शिल्लक ठेवलं होतं, त्यातलाच तो तुकडा. चार्ल्स आणि त्याच्यासारखी हजारो कुटुंबं तिथे कायद्यानं परवानगी नसताना घुसली होती. सरकार आज ना उद्या ओसेजांना हलवणार आणि आधी जाऊन बसलेल्याला जमीन मिळणार, असा सरळ हिशोब होता. १८७०च्या जनगणनेत इंगल्स कुटुंबाची नोंद सापडते: माणसांची नावं आहेत, वयं आहेत, पण जमिनीच्या किमतीचा रकाना रिकामा आहे. नावावर जमीनच नव्हती, तर किंमत काय लिहिणार?

पुस्तकाच्या शेवटी सैनिक येऊन घर खाली करायला लावणार अशी बातमी येते आणि पा संतापून, नवा नांगर शेतातच टाकून निघतात. वाचणाऱ्याला वाटतं, या भल्या माणसावर सरकारनं अन्याय केला. घडलं ते उलटंच. हलवलं गेलं ओसेज लोकांना. १८७०च्या सप्टेंबरात त्यांना तसा करार मान्य करावा लागला आणि ते दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेले. त्यानंतर तिथे बसलेल्या शेतकऱ्यांना जमीन एकरी सव्वा डॉलरनं विकत घेता येणार होती. इंगल्स कुटुंब निघालं ते वेगळ्याच कारणानं. विस्कॉन्सिनमधलं त्यांचं घर ज्याला विकलं होतं, त्याला हप्ते फेडता येईनात. घर परत पदरात पडलं, म्हणून ते १८७१मध्ये उलट पावली परत गेले.

त्या परतीच्या वाटेवरचीच एक गोष्ट वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. पुस्तकांत जॅक शेवटपर्यंत लॉराबरोबर असतो आणि डकोटाला निघण्याच्या आदल्या रात्री म्हातारपणानं झोपेत जातो. मुलांना ती पानं वाचून दाखवताना आपलाच आवाज जड होतो. 'पायोनियर गर्ल'मध्ये जॅकची हकिकत एवढीच आहे की चार्ल्सनं घोड्यांची अदलाबदल केली आणि जॅकला त्या घोड्यांजवळच राहायचं होतं म्हणून त्यालाही देऊन टाकलं. लॉरा तेव्हा चार वर्षांची. साठ वर्षांनी तिनं त्याला परत आणलं, आणखी हजार मैल आपल्याबरोबर चालवलं आणि आपल्या घरी, ऊबदार अंथरुणावर त्याचा शेवट केला.

कॅन्ससच्या घरात सगळ्यांना हिवताप झाला होता, तेव्हा औषध देणारा डॉ. टॅन हा कृष्णवर्णीय डॉक्टरही पुस्तकात आहे आणि तो खरा माणूस आहे, जॉर्ज टॅन. शेजारीच राहायचा.

आता मिनेसोटा. १८७४मध्ये कुटुंब वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीकच्या काठी आलं. आधी राहिले ते ओढ्याच्या उतारात खोदलेल्या घरात. तीन बाजूंना माती, वर गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या ढेपांचं छत. पुढे चार्ल्सनं उधारीवर लाकूड आणून चांगलं घर बांधलं, गहू आला की फेडू या भरवशावर.

हा भरवसा समजून घेतला तर पुढचं सगळं समजतं. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं कोणीही प्रौढ माणूस सरकारकडून १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मागू शकत होता. अट एवढीच: पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसायची. आपल्याकडच्या अल्पभूधारकाला १६० एकर हा आकडा ऐकूनच भोवळ येईल. पण फुकट होती ती फक्त जमीन. नांगर, बैल, बियाणं, विहीर, कुंपणाची तार, छपराचं लाकूड आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं मीठ-पीठ, हे सगळं विकत घ्यावं लागे. म्हणजे उधारी. आणि उधारी फेडायला पीक एकच, गहू. एक हंगाम गेला की व्याज, दुसरा गेला की जमीन. आपल्या कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याला हे गणित कोणी समजावून सांगायला नको.

चार्ल्सचे लागोपाठ दोन हंगाम गेले. १८७५च्या उन्हाळ्यात टोळधाड आली. टोळ म्हणजे काय हे २०२०च्या मे महिन्यात विदर्भातल्या शेतकऱ्यांनीही पाहिलं, पण अमेरिकेतली ही जात वेगळी, रॉकी पर्वताच्या पायथ्याची. आकाशात चमकणारा ढग दिसायचा, सूर्य झाकला जायचा आणि गारा पडाव्यात तसे टोळ छपरावर आपटायचे. गहू, गवत, झाडांची पानं, सगळं साफ. जमिनीखालचे कांदेसुद्धा खाऊन भोकं तेवढी उरायची. जाताना माद्या जमिनीत अंडी घालून जायच्या, म्हणून एका वर्षाची धाड दोन वर्षांची व्हायची. पुढच्या वसंतात तीच अंडी फुटून पिल्लं चालत निघायची. (या जातीचा शेवटचा जिवंत टोळ १९०२मध्ये मिळाला, त्यानंतर ती नामशेष झाली. बहुधा तिची अंडी घालायची खोरीच नांगराखाली आली.)

पा मजुरीसाठी शेकडो मैल पूर्वेला पायी चालत गेले, हे पुस्तकात आहे आणि ते खरं आहे. पुस्तकात नाही ते असं: १८७५च्या अखेरीस सरकारी मदतीचं पीठ मिळावं म्हणून चार्ल्सला आपण पूर्णपणे निष्कांचन आहोत असं लिहून द्यावं लागलं. तेव्हा मदत मिळायची ती अशी, आपली गरिबी स्वतःच्या सहीनं जाहीर केल्यावर. ज्या पांना पुस्तकात कोणाचं देणं ठेवणं सहन होत नाही, त्या पांनी हातात लेखणी घेऊन तो कागद भरला. मला हे कळल्यावर ते अधिक जवळचे वाटू लागले.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १८७५ला, इंगल्सांच्या घरी मुलगा झाला. चार्ल्स फ्रेडरिक, घरातलं नाव फ्रेडी. तीन मुलींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा. तो आठ पुस्तकांत कुठेच नाही. ओझरतासुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी टोळांची पिल्लं निघाल्यावर चार्ल्सनं शेत सोडलं आणि कुटुंब पूर्वेकडे निघालं. वाटेत नातेवाइकांकडे, मिनेसोटातल्याच साउथ ट्रॉयजवळ, ते काही दिवस थांबले. तिथे फ्रेडी आजारी पडला आणि २७ ऑगस्ट १८७६ला गेला. दहावा महिना पुरा व्हायचा होता. 'पायोनियर गर्ल'मध्ये त्याबद्दल फार थोड्या ओळी आहेत. औषधपाणी झालं, पण त्याला बरं वाटेना, आणि एका भयंकर दिवशी त्यानं इवलंसं अंग ताणून सरळ केलं आणि संपला. नऊ वर्षांच्या मुलीनं पाहिलेलं, त्रेसष्टाव्या वर्षी लिहिलेलं. मग ती लगेच पुढच्या गावाबद्दल सांगू लागते.

पुढचं गाव म्हणजे आयोवातलं बर ओक. लॉराच्या आयुष्यातलं हे सुमारे वर्षभराचं प्रकरण पुस्तकांतून सबंध वगळलं आहे. 'प्लम क्रीक'चं पुस्तक संपतं आणि पुढचं उघडतं तेव्हा मधली काही वर्षं गायब असतात, आणि वाचणाऱ्याला ते जाणवतही नाही. बर ओकला इंगल्स कुटुंब शेती करत नव्हतं. ओळखीच्या कुटुंबानं घेतलेलं एक छोटं हॉटेल चालवायला ते मदत करत होते. शेजारी दारूचा गुत्ता. हॉटेलच्या दाराला बंदुकीच्या गोळीची भोकं, आधीच्या मालकाच्या मुलानं दारूच्या नशेत पाडलेली. मेरी आणि लॉरा भांडी घासायच्या, पाहुण्यांना जेवण वाढायच्या. ग्रेसचा जन्म इथलाच, मे १८७७चा. गावातल्या डॉक्टरांच्या बायकोनं लॉराला दत्तक मागितलं होतं, ते कॅरोलाइननं हळुवारपणे नाकारलं. अखेर देणी थकली, घरमालक थांबायला तयार होईना, आणि चार्ल्सनं एका रात्री सामान गाडीत भरून कुटुंबासह गाव सोडलं. उजाडायच्या आत ते हद्दीबाहेर होते.

लॉरानं हे का गाळलं? रोझला, म्हणजे आपल्या मुलीला, लिहिलेल्या पत्रांतून आणि दोन्ही मजकुरांच्या तुलनेतून अंदाज येतो. मुलांच्या पुस्तकाला एक दिशा लागते. पश्चिमेकडे निघालेली, स्वतःच्या हातांवर उभी राहणारी माणसं ही ती दिशा होती. मागे फिरणं, दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासणं, भाड्यासाठी रात्री पळणं आणि मेलेलं बाळ, हे त्या दिशेत बसत नव्हतं. हे खरं आहे, पण मला वाटतं फ्रेडीचं कारण निराळं आहे. काही गोष्टी आईबापांनी पुन्हा कधी उच्चारलेल्या नसतात, आणि मग मुलांनाही त्यांना हात लावावासा वाटत नाही. हे माझं मत.

मेरीच्या डोळ्यांचं मात्र लॉरानं गाळू दिलं नाही. १८७९मध्ये, चौदा वर्षांची असताना, मेरीची दृष्टी गेली. थोडी शोकांतिका आली की गोष्ट आयुष्याच्या अधिक जवळ जाते, अशा अर्थाचं लॉरानं रोझला कळवलं होतं. कारण मात्र पुस्तकात बदललं. पुस्तकात स्कार्लेट फीव्हर, म्हणजे अंगावर लाल पुरळ आणणारा ताप आहे. 'पायोनियर गर्ल'मध्ये प्रचंड डोकेदुखी, तीव्र ताप, कापावे लागलेले केस आणि चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं अशी लक्षणं आहेत. २०१३मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी जुनी पत्रं, गावची वर्तमानपत्रं आणि शाळेच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला की तो विषाणूमुळे मेंदूला आणि त्याच्या आवरणाला आलेल्या सुजेचा आजार असावा. स्कार्लेट फीव्हर तेव्हाच्या सगळ्या वाचकांना ठाऊक असलेलं नाव होतं, म्हणून कदाचित ते घेतलं.

त्यानंतर चार्ल्सनं लॉराला सांगितलं की आता तू मेरीचे डोळे व्हायचंस. लॉरा समोर दिसेल ते मेरीला बोलून दाखवू लागली. सूर्य मावळतोय, गवताचा रंग कसा झाला आहे, माणूस घोड्यावरून कसा येतोय. मेरी चोखंदळ होती, अतिशयोक्ती केली की टोकायची. रोज, वर्षानुवर्षं. लॉराच्या पुस्तकांत लाकूड तासणं, चीज करणं, बंदुकीच्या गोळ्या ओतणं ही कामं इतकी स्वच्छ दिसतात, याचं मूळ मला इथे सापडतं.

मेरी पुढे आयोवात व्हिन्टनच्या अंधशाळेत शिकली, १८८१ ते १८८९. पुस्तकात लॉरा शिवणकाम करते, शिकवण्या धरते आणि पैसे साठवून मेरीला पाठवते. लॉरानं पैसे दिले हे खरंच, त्यातून कपडे, प्रवास, वरखर्च भागला. पण शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च डकोटा टेरिटरीच्या सरकारनं उचलला होता, आणि ते पुस्तकात नाही.

आता तो हिवाळा. १८८०च्या ऑक्टोबरात डकोटावर पहिलं हिमवादळ आलं आणि नंतर येतच राहिलं. इंगल्स कुटुंब आता राहत होतं ते डी स्मेट हे नुकतंच वसलेलं गाव पूर्णपणे रेल्वेवर जगत होतं. जानेवारीत आगगाडी बंद पडली ती थेट मे महिन्यात आली. कोळसा संपला, रॉकेल संपलं, पीठ संपलं. उरला होता बियाण्याचा गहू आणि रानातलं गवत. गिरणी नव्हती, म्हणून गहू कॉफीच्या गिरणीत दळायचा. ही गिरणी म्हणजे मांडीत धरायची लाकडी पेटी, वर लोखंडी वाटीएवढं तोंड, बाजूला दांडा. एका वेळी मूठभर गहू मावणार. दिवसभर कोणी ना कोणी दांडा फिरवत बसलेलं. एक थकला की दुसरा. एवढं करून जाडंभरडं पीठ मिळायचं, त्याची एक भाकरी व्हायची. दळणारे हात जळणासाठीही लागायचे. वाळलेल्या गवताची पेंढी घ्यायची, पीळ देत देत दोरीसारखी आवळायची, मग दुमडून टोक आत खोचायचं, की लाकडाच्या ढलपीएवढी एक कांडी तयार. ती काही मिनिटांत जळून जायची. थंडीनं भेगाळलेल्या तळव्यांना गवताची पाती कापत राहायची.

'द लाँग विंटर' वाचताना आपण त्या घरात सहा माणसं पाहतो. पा, मा, चार मुली. प्रत्यक्षात घरात आणखी तिघं होती: एक जोडपं आणि त्याच घरात जन्मलेलं त्यांचं बाळ. लॉराच्या आठवणीत नवरा कामाला हात लावत नसे, शेगडीजवळची जागा धरून बसे आणि जेवणाला सगळ्यांत आधी हजर असे. लॉरानं ठरवून त्या तिघांना काढून टाकलं. ते आले असते तर त्यांना जसे होते तसे दाखवावं लागलं असतं, आणि वादळात एकट्या पडलेल्या एका कुटुंबाची गोष्ट राहिली नसती. लेखिका म्हणून हा निर्णय मला पटतो. पण त्या हिवाळ्यात इंगल्सांचे हात दळत होते ते नऊ जणांसाठी, हे कळल्यावर त्या भाकरीची किंमत वाढते.

लग्नानंतरचं आयुष्य थोडक्यात सांगते, कारण मालिका तिथे थांबते. अल्मॅन्झो वाइल्डर लॉरापेक्षा दहा वर्षांनी मोठा. लग्न २५ ऑगस्ट १८८५ला. रोझ १८८६मध्ये झाली. १८८८मध्ये दोघांनाही घटसर्प झाला, त्यातून उठायची घाई केल्यामुळे अल्मॅन्झोला पक्षाघात झाला आणि तो कायमचा लंगडत राहिला. १८८९मध्ये मुलगा झाला, थोड्याच दिवसांत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घर जळालं. त्यात भर दुष्काळाची. सुरुवातीच्या ओल्या वर्षांत तिथल्या लोकांना सांगितलं जात होतं की नांगर जातो तिथे पाऊस मागोमाग येतो. आला नाही. १८९४मध्ये लॉरा, अल्मॅन्झो आणि सात वर्षांची रोझ गाडीतून मिसूरीतल्या मॅन्सफिल्डला गेले. शंभर डॉलरची एकच नोट लिहायच्या पेटीत लपवली होती. जमीन पसंत केली आणि ऐन वेळी नोट सापडेना. काही दिवसांनी पेटीच्या फटीत सरकलेली मिळाली. जमीन चाळीस एकरांची. मॅन्सफिल्डलाच लॉरा पुढची बासष्ट वर्षं राहिली.

आणि आता रोझ, कारण तिच्याशिवाय ही पुस्तकं झालीच नसती. रोझ वाइल्डर लेन तिच्या काळात आईपेक्षा कितीतरी प्रसिद्ध लेखिका होती. १९२९च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात मायलेकी दोघींचे पैसे बुडाले, तेव्हा लॉरानं पेन्सिल उचलली. रोझनं हस्तलिखित टाइप केलं, कापलं, जोडलं, प्रकाशकांशी पत्रव्यवहार केला. एका प्रकाशकानं पुस्तक घेतलं आणि लगेच त्याचा बालसाहित्य विभागच बंद पडला, मग दुसऱ्यानं घेतलं. पुस्तकं नक्की कोणी लिहिली यावर १९९३पासून जोरात वाद आहे, कारण तेव्हा एका चरित्रकारानं रोझलाच खरी लेखिका ठरवलं. दोघींची हस्तलिखितं आणि पत्रं वाचणाऱ्या बहुतेक अभ्यासकांचं मत असं नाही. आवाज, आठवण आणि वस्तूंचं वर्णन लॉराचं. बांधणी आणि गती यांत रोझचा हात मोठा. मलाही तसंच वाटतं. १९३२मध्ये रोझनं आईच्याच आठवणी उचलून स्वतःची एक कादंबरी लिहिली, नायक-नायिकेची नावं चार्ल्स आणि कॅरोलाइन ठेवली, आणि लॉराला ते फार लागलं. तरीही दोघी एकत्र काम करत राहिल्या. रोझ सरकारी मदतीची कट्टर विरोधक होती, आणि पुस्तकांतून सरकारी पीठ, सरकारी फी गळत गेली त्यात तिच्या विचारांचाही वाटा आहे असं अनेक अभ्यासक मानतात.

१९३७मध्ये डेट्रॉइटच्या पुस्तक मेळ्यात लॉरा म्हणाली होती की मी सांगितलेलं सगळं खरं आहे, पण ते संपूर्ण सत्य नाही. त्याच भाषणात तिनं पांनी कॅन्ससमधल्या एका खुनी कुटुंबाचा पाठलाग केल्याची गोष्टही सांगितली. ते खून उघडकीला आले १८७३मध्ये, आणि इंगल्स तिथून १८७१मध्येच निघाले होते.

एक वाक्य मात्र तिनं स्वतः दुरुस्त होऊ दिलं. कॅन्ससच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत, १९३५मध्ये, त्या प्रदेशात माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे तिथले मूळनिवासी) राहत होते, अशा अर्थाची ओळ होती. १९५२मध्ये एका वाचकानं प्रकाशकाला लिहून विचारलं की इंडियन माणसं नाहीत का? पंचाऐंशी वर्षांच्या लॉरानं ती आपली मूर्खपणाची चूक असल्याचं मान्य केलं आणि पुढच्या वर्षी 'माणसं'च्या जागी 'वसाहतकरी' आलं. पण मूळनिवाशांबद्दलची भीती आणि तुच्छता पुस्तकात इतर ठिकाणीही आहे. तिच्या नावानं १९५४पासून दिल्या जाणाऱ्या अमेरिकी बालसाहित्य पुरस्काराचं नाव २०१८मध्ये बदललं गेलं, ते त्यामुळे. मी ती पानं मुलीला वाचून दाखवताना गाळली नाहीत. थांबून ओसेजांचं सांगितलं, जनगणनेतल्या रिकाम्या रकान्याचं सांगितलं, आणि मग पुढे वाचलं.

लॉरा १० फेब्रुवारी १९५७ला गेली, नव्वदावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. पांची फिडल, म्हणजे व्हायोलिन, तिनं जपून ठेवली होती. ती आज मॅन्सफिल्डच्या संग्रहालयात आहे.

ॲटलासच्या मागच्या कोऱ्या पानावर मुलीनं या घराची वंशावळ काढली. वर चार्ल्स आणि कॅरोलाइन. खाली पाच नावं: मेरी, लॉरा, कॅरी, फ्रेडी, ग्रेस. मेरीनं लग्न केलं नाही. कॅरी आणि ग्रेसला स्वतःची मुलं झाली नाहीत. लॉराखाली रोझ, आणि तिच्या शेजारी एक मुलगा, ज्याला नाव ठेवायचं राहून गेलं. डी स्मेटच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर फक्त वडिलांच्या नावानं 'बाळ' असं कोरलेलं आहे. रोझचंही एकच मूल, तेही जन्मतःच गेलेलं. मुलीनं तिथे एक छोटं टिंब काढलं आणि पेन्सिल खाली ठेवली. त्याखाली लिहायला कोणी नव्हतं.